एका तलावाकाठचे तीन देव

पंचगंगेच्या काठावर, कोल्हापूर शहराच्या वायव्येला, ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजातले एक प्राध्यापक तिथली माती उकरत होते. के. जी. कुंदणगार हे त्यांचं नाव. शिकवायचे कन्नड, ध्यास मात्र जुन्या लेखांचा. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातल्या शिलालेखांचा त्यांचा संग्रह १९३९ साली कोल्हापुरातच छापला गेला होता. भिंतीत चिणलेले, वेशीत पडलेले, शेंदराखाली बुजलेले दगड वाचणारा हा माणूस आता दगड सोडून मातीत उतरला होता.

मातीनं जे दिलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका पडक्या घराच्या अवशेषांत ब्राँझच्या वस्तूंचा साठा निघाला. हत्तीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, आरसा, घाटदार झारी, छोटी गाडी. आणि या सगळ्यांत वीतभराहून लहान असा एक पुतळा. अंगावर वस्त्र नाही, दाढी भरघोस, स्नायू पिळदार, एक हात उंच उचललेला आणि त्या हातातलं आयुध कधीच गळून गेलेलं. चार हात नाहीत, मुकुट नाही, वाहन नाही. दक्षिण काशी म्हणून मिरवणाऱ्या, अंबाबाईच्या गावात सापडलेला हा देव आपल्याकडच्या कुठल्याच देवासारखा दिसत नव्हता. तो होता पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातल्या बनावटीचा. ज्या गावापासून समुद्र गाठायला आख्खा सह्याद्री उतरावा लागतो, त्या गावच्या मातीत समुद्राचा देव निजलेला होता.

या शोधाची वार्ता पसरली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित आले. १९४५-४६ मध्ये त्यांनी ब्रह्मपुरीचं रीतसर उत्खनन केलं आणि १९५२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पोसायडनची गोष्ट कोल्हापुरात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. त्या उत्खननातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते मोठी गोष्ट तीच आहे. या टेकाडाच्या थरांमधून आणि कोल्हापूरच्या आसपासच्या ताम्रपट-शिलालेखांमधून एक प्रश्न डोकं वर काढतो. या मुलखात बुद्ध होता, जिन होता, शिव होता, अंबाबाई होती, पुढे पीर आले. यांतला कोण टिकला, कोण गेला, आणि का?

आधी थर कसे वाचतात ते सांगितलं पाहिजे. बांगडीवर सन लिहिलेला नसतो, खापरावर राजाचं नाव नसतं. पण नाण्यावर असतं. त्यामुळे ज्या थरात नाणं सापडतं, त्या थरातली खापरं, मणी, विटा यांचा साधारण काळ त्या नाण्यावरून लावता येतो. ब्रह्मपुरीत अगदी खाली सातवाहनांचा काळ लागला. विटांची घरं, तांबूस-तपकिरी रंगाची खापरं, आगीच्या खुणा. वरच्या थरांत बहामनी नाणी निघाली आणि त्यांच्याबरोबर काचेच्या बांगड्यांचे तुकडे, तेही खच्चून. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचे धागे तापवून गुंडाळलेले, पिवळे, तांबडे, पांढरे. या बहुरंगी बांगड्या इथे बहामनी नाण्यांसोबत सापडल्यामुळे दख्खनमधल्या इतर उत्खननांतही त्या बहामनी काळाची खूण ठरल्या. दीक्षितांना या काचेनं असं काही झपाटलं की पुढे त्यांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला.

या टेकाडानं पूर्वीही धक्का दिला होता. १८७७ मध्ये इथेच जुन्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यांच्यावर विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावं, आणि नावाआधी आईची ओळख: वासिष्ठीचा पुत्र, माढरीचा पुत्र, गौतमीचा पुत्र. कोल्हापुरात कुणी कधी न ऐकलेले हे राजे. आणि त्या एकोणिसाव्या शतकातच शहराच्या पोटातून आणखी एक वस्तू बाहेर आली. बौद्ध स्तूपाच्या गाभ्यात ठेवतात तसली दगडी पेटी. तिच्यावर जुन्या ब्राह्मी अक्षरांत एवढंच कोरलेलं, की हे बम्ह नावाच्या माणसाचं दान आहे आणि धमगुत नावाच्या माणसानं ते करवून घेतलं.

या ओळीपाशी थोडं थांबायला हवं. तिच्यात राजा नाही. सातवाहनांचं नाव नाही, कुठल्या कुराचं नाही. एक देणारा आणि एक करून घेणारा. देणाऱ्याचं नाव ब्रह्मावरून आलेलं, दान बुद्धाच्या स्तूपाला. भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिक इथल्या लेण्यांतही हेच दिसतं. सुतार, धान्याचे व्यापारी, गंधी, भिक्षुणी, दूरच्या गावचे यवन, ज्याला जमेल त्यानं एक खांब, एक टाकं, एक खोली द्यायची. राजेही देत, पण लेण्यांचा डोलारा अनेकांच्या खांद्यावर उभा होता. व्यापाराची वाट जिवंत होती, देणारे हात पुष्कळ होते. पोसायडनही त्याच वाटेनं घाट चढून आला असणार.

आता तिथून हजार-बाराशे वर्षं पुढे या.

अकराव्या-बाराव्या शतकात कोल्हापूर शिलाहारांचं. हे घराणं स्वतःला जीमूतवाहनाच्या वंशातलं म्हणवत असे. जीमूतवाहन म्हणजे तो विद्याधर राजपुत्र, ज्यानं एका नागाचा जीव वाचवण्यासाठी गरुडापुढे स्वतःचं शरीर ठेवलं. सातव्या शतकात सम्राट हर्षानं त्याच्यावर ‘नागानन्द’ हे नाटक लिहिलं. त्याच्या नांदीत वंदन आहे बुद्धाला, आणि शेवटी नायकाला पुन्हा जिवंत करते ती गौरी. असा पूर्वज निवडणाऱ्या घराण्याच्या बिरुदावलीत आणखी एक गोष्ट न चुकता येते: महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेला. म्हणजे वंश बोधिसत्त्वासारख्या वीराचा आणि वर अंबाबाईचा.

याच घराण्यातला गंडरादित्य. त्याचा शके १०३२ चा, म्हणजे इ.स. १११० चा ताम्रपट आहे. वासुदेव विष्णु मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र करून १९७७ साली जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, त्यामुळे हा ताम्रपट आज अभ्यासकाच्या हाताशी आहे. ताम्रपट पाहिला की आधी नजर कडीवर जाते. पत्रे एकत्र ओवणारी जाड कडी आणि तिच्या सांध्यावर शिलाहारांची गरुडमुद्रा. कडी कापल्याशिवाय पत्रा बदलता येत नाही, अशी ती सोय. आत वंशावळ, बिरुदं, आणि मग हिशेब. गंडरादित्यानं लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचा उल्लेख येतो. मिरज प्रांतातल्या इरुकुडी गावी त्यानं एक मोठा तलाव बांधला, त्याला आपलं नाव दिलं: गंडसमुद्र. आणि त्या तलावाच्या काठी त्यानं देव बसवले. ईश्वर, म्हणजे शिव. अर्हत, म्हणजे जिन. आणि बुद्ध. तिघांच्याही पूजेअर्चेसाठी जमिनी नेमून दिल्या.

साल १११० आहे, हे लक्षात घ्या. बुद्ध महाराष्ट्रातून कधीच गेला, असं आपण शाळेत शिकलेलो असतो. आणि इथे मिरजेच्या परिसरात राजा त्याला शिव आणि जिनाच्या शेजारी जमीन लावून देतो आहे. दक्षिणेकडे गदग मुलखात डंबळला १०९५ च्या सुमाराचा लेख सांगतो की तिथल्या शेट्टींनी विहार बांधला होता आणि तारादेवीचं देऊळही होतं. कोकणात दापोलीजवळ पन्हाळेकाजीला मधुसूदन नरहर देशपांडे यांनी लेणी उजेडात आणली, त्यांत वज्रयानी बौद्धांच्या मूर्ती मिळाल्या आणि त्याच डोंगरात नंतर नाथपंथीयांनी केलेलं कामही. म्हणजे बाराव्या शतकाच्या तोंडाशी या पट्ट्यात बुद्ध अजून घरातलाच होता.

पण गंडसमुद्राचा हा लेख त्या दगडी पेटीशेजारी ठेवून वाचला की अंगावर काटा येतो. पेटीवर दोन सामान्य माणसं होती, राजा नव्हता. ताम्रपटात फक्त राजा आहे. बुद्धाची जमीन राजानं दिली, तलाव राजाचा, नावही राजाचं. इथे भोवती बम्ह आणि धमगुत दिसत नाहीत. एका माणसाच्या इच्छेवर, एका तांब्याच्या पत्र्यावर तो धर्म तरंगत होता.

शेजारच्या जिनाचं काय? त्याचं उत्तर कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या लेखात आहे. साल ११३५, राजा तोच गंडरादित्य. त्याचा सामंत निंबदेव हा जैन आचार्य माघनंदींचा शिष्य. त्यानं रूपनारायण बसदी, म्हणजे जैन देऊळ, बांधली, आणि कवडेगोल्ल इथल्या बाजारात पार्श्वनाथाचं देऊळही. त्या देवळासाठी देणगी कुणी दिली? अय्यावोळेच्या पाचशे स्वामींच्या संघातल्या, वीर बणंजू म्हणवणाऱ्या व्यापाऱ्यांनी. कोल्हापूर, मिरज आणि आणखी गावांचे व्यापारी एकत्र जमले आणि बाजारात येणाऱ्या मालावरचा थोडा थोडा भाग देवाला लावून दिला. राजा उद्या बदलला तरी बाजार भरणारच होता. ११४३ मध्ये गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य याच्या काळात पुन्हा जैन देवळाला दान, ११५० च्या आसपास कागलजवळच्या बामणीत पुन्हा. हे शेवटचे दोन लेख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाचले ते कीलहॉर्न यांनी, जे कधीकाळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून जर्मनीत परतले होते. १२०५ साली तर आजऱ्याच्या जैन देवळात बसून सोमदेवानं ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पुरा केला. ते देऊळ गंडरादित्यानंच बांधलेलं, आणि सोमदेव लिहीत होता तेव्हा गादीवर त्याचा नातू दुसरा भोज होता.

मला इथे कोल्हापूरच्या मध्ययुगाची किल्ली सापडल्यासारखी वाटते. राजाचा धर्म कोणता, हा प्रश्न आपण फार विचारतो. देवाचा दिवा कुणाच्या तेलावर जळत होता, हे विचारायला हवं. राज्य म्हणजे तेव्हा पगारी नोकरांची फौज नव्हती. तलाव बांधला की ओलिताखाली जमीन येई, जमिनीचा वाटा देवाला लागे, देवाच्या नावानं पुजारी, मुनी, भिक्षू, लेखक, अन्नछत्र उभं राही, आणि त्या सगळ्यांमधून राजाचं नाव त्या गावात वर्षानुवर्षं घेतलं जाई. मिरज प्रांतात पाण्याचा साठा करणारा राजा तीन देव त्याच्या काठाला बसवतो, यात भक्ती तर आहेच, पण राज्य चालवण्याचं पक्कं शहाणपणही आहे. तिन्ही पंथांचे लोक त्या पाण्याचे राखणदार झाले.

शिलाहारांचा शेवट कुणा परधर्मीयानं केला नाही. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवानं दुसऱ्या भोजाला पन्हाळ्यावर हरवलं. दोघेही शिवाचे, देवीचे, ब्राह्मणांचे दाते. सिंघणाच्या प्रशस्तिकारानं लिहिलं की पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला सिंघण म्हणजे गरुडच ठरला. ही उपमा योजताना त्याला नेमकं ठाऊक असणार की तो कुणाला टोचतो आहे. ज्या घराण्याचा ध्वज गरुडाचा, ज्याचा पूर्वज गरुडापुढे नागासाठी देह ठेवणारा, त्या घराण्याच्या शेवटच्या राजाला नाग ठरवून संपवला.

आणि मग विजेत्यानं काय केलं? लगेच एक-दोन वर्षांत, शके ११३६ मध्ये, सिंघणानं खिद्रापूरच्या कोपेश्वराला मिरज प्रांतातलं कूडलदामवाड हे गाव दान दिलं. तो लेख देवळाच्या दक्षिण दरवाज्याशेजारी आजही उभा आहे. खिद्रापूरला लोक जातात ते स्वर्गमंडप पाहायला. वर्तुळाकार उघडं छत, खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती अठ्ठेचाळीस खांब. माझी पावलं आधी त्या लेखाकडे वळतात. तो देवनागरीत आहे. अक्षरं ठसठशीत, ओळी सरळ, आणि काही ओळखू येणारी अक्षरं शोधता शोधता एखादं मूल सुद्धा तिथे रमतं. तलवारीनं घेतलेलं राज्य देवाच्या दारात कागदोपत्री पक्कं करण्याची रीत त्या दगडावर बोटानं शिवता येते. आणि दानाची ही रीत पुढे आलेल्या सुलतानांनीही सोडली नाही.

इस्लाम या मुलखात तलवारीबरोबर आला, एवढंच ठाऊक असलेल्यांनी आणखी दोन ताम्रपट पाहावेत. पहिला पालघरकडच्या चिंचणीचा, १९५५ साली सापडलेल्या ताम्रपटांपैकी, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं संजाण प्रांताचा कारभार पाहत होता मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे महंमद या नावाचं संस्कृत वळण. या मुसलमान अधिकाऱ्यानं नदी ओलांडायला फुकट होडीची सोय केली, जेवणाचं सत्र घातलं, आणि त्याच्या संमतीनं तिथल्या भगवतीच्या मठाला जमीन मिळाली. दुसरा पणजीचा, अकराव्या शतकाच्या मध्याचा. गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी. त्याचा प्रधान छडम हाही ताजिक घराण्यातला. त्यानं मिजिगिती, म्हणजे मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवरचा कर लावून दिला. गोव्याचे हे कदंब शिलाहारांचे शेजारी आणि वैरीही. गंडरादित्य तलावाकाठी बुद्ध बसवत होता तेव्हा घाटाखाली मशिदीचा दिवा बंदराच्या उत्पन्नावर पन्नासेक वर्षं जळत होता. शिवाला जमीन, जिनाला बाजार, मशिदीला बंदर. पद्धत एकच.

पुढचं सगळं इतकं गोड नाही, आणि ते गोड करून सांगू नये. चौदाव्या शतकात यादव गेले, १३४७ मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं. १४५३ च्या सुमारास खलफ हसन बसरी विशाळगडाकडच्या जंगलात फौजेसकट मारला गेला, तेव्हा त्या मुलखाचे राजे शिर्के आणि मोरे होते. पुढे १४७० च्या आसपास महमूद गवान आला. पाऊस लागल्यावर त्यानं कोल्हापूर भागात झोपड्या उभारून छावणी टाकली, खेळणा म्हणजे विशाळगड घेतला आणि १४७२ मध्ये गोवा. पंचगंगेकाठच्या पावसात चिखल तुडवत बसलेली ती फौज, आणि त्या शतकातल्या ब्रह्मपुरीत बांगड्या भरणाऱ्या बाया, दोन्ही एकाच मातीत. त्या काळात मूर्ती फुटल्या. खिद्रापूरची फुटकी शिल्पं अजून उभी आहेत. अंबाबाईची मूर्ती धोक्याच्या काळात पुजाऱ्यांनी लपवून ठेवली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या आज्ञेनं सिदोजी हिंदुराव घोरपड्यांनी ती पुन्हा देवळात बसवली. देवी टिकली, कारण तिला घरात जागा देणारे हात होते. राजाश्रय सुटला त्या दिवसांत तिला एका घरानं सांभाळलं.

आणि बहामनी राज्य फुटल्यावर उभ्या राहिलेल्या विजापूरच्या आदिलशाहीत, पहिल्या इब्राहिमनं १५३५ च्या सुमारास गादीवर आल्यावर वसुलीचे हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले. कारकून आले ते इथले ब्राह्मण. दुसरा इब्राहिम तर सरस्वतीला वंदन करत गाणी रचणारा राजा. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं देऊळ आहे, त्याला शिखर नाही. परंपरा सांगते की एका आदिलशहाच्या मुलीची दृष्टी तिथे परत आली, म्हणून त्यानं देऊळ बांधलं आणि औरवाड-गौरवाड ही गावं इनाम दिली. दृष्टीची कथा श्रद्धेची म्हणून घ्यावी. पण इनामाचं शास्त्र गंडरादित्याच्या ताम्रपटातलंच आहे, हे नजरेआड कसं करायचं?

सुलतानी गेल्यावर पीर मात्र राहिले. कारण त्यांना धरून ठेवणारे हात राजाचे नव्हते. कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, आणि मोहरमात पंजे पाहायला गल्लोगल्लीतले हिंदू जातात, काही घरं पंजे स्वतः बसवतात. कुरुंदवाडला गणेशोत्सवात पाच मशिदींत गणपती बसतो. बाहेरगावच्या वार्ताहरांना याचं दरवर्षी नवल वाटतं. इथल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, कारण नवस आणि मान हे घराघरांत वाटलेले आहेत.

आता पुन्हा त्या तलावाकडे. गंडसमुद्राच्या काठच्या तीन देवांपैकी शिव राहिला, त्याला गावोगावचे गुरव, लिंगायत, पुजारी होते. जिन राहिला, कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा आजही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जैन शेतकऱ्यांचा पट्टा आहे, आणि कोल्हापुरात भट्टारकांचा मठ आहे. बुद्ध गेला. त्याला कुणी तलवारीनं हाकललं, असा एकही लेख या मुलखात मी वाचलेला नाही. त्याच्याकडे शेवटी राजा उरला होता आणि राजाच्या मागे बाजार नव्हता, गल्ली नव्हती, घर नव्हतं. व्यापाराची जुनी वाट आटली, देणारे पांगले, आणि भोजाबरोबर ताम्रपटाची मुद्राही निर्जीव झाली. माझा निवाडा हा आहे. तो ब्रह्मपुरीच्या थरांवरून, पेटीवरच्या दोन नावांवरून आणि ११३५ च्या व्यापाऱ्यांवरून काढलेला आहे, आणि नवा एखादा लेख मिळाला तर तो बदलायला मला आनंदच होईल.

नवा लेख मिळण्याची शक्यता खरी आहे. कुंदणगारांनी वाचलेले दगड कुठल्या दुर्गम गुहेत नव्हते. लोक रोज त्यांच्यावर बसत होते, त्यांना पाणी घालत होते. ताम्रपट पुष्कळदा नांगराच्या फाळाला लागून किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीतून निघतात. आणि आज देवळांचे जीर्णोद्धार जोरात चालू आहेत. फरशी बसते, ग्रॅनाइट चढतं, ऑइलपेंटचे दोन हात मारले जातात, आणि आठशे वर्षं उन्हापावसात टिकलेली अक्षरं एका दुपारी जातात.

तेव्हा करवीर, पन्हाळा, शिरोळ, हातकणंगले, भुदरगड, आजरा, मिरज इथल्या वाचकांना एक विनंती आहे. वेशीतला, पारावरचा, विहिरीच्या काठाचा अक्षरं असलेला दगड दिसला तर आधी तो स्वच्छ पाण्यानं पुसा, तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढा आणि शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाकडे द्या. घरात जुना तांब्याचा पत्रा असेल तर तो भांडीवाल्याला देऊ नका. जमिनीत काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि गावच्या जीर्णोद्धार समितीत तुम्ही असाल तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंतीवरचे दगड एकदा हातानं चाचपून पाहा.